फक्कीचं मुख्यालय

परवा मामाने फॅमिली ग्रुपवर नव्या पोलीस मुख्यालयाचा फोटो टाकला. समोरून काढलेला, सगळी काच चमकतेय, वर झेंडा, खाली गॉगल लावलेला मामा. आणि लिहिलेलं, 'आपल्या मनूने बांधलं'. लगेच अंगठे सुरू. काकू विचारतेय, यातली तुझी काच कुठली गं. मी टाइप करत सुटले की काकू, मी ज्युनिअर आर्किटेक्ट आहे, काच माझी नाही, जिना माझा नाही, फोटोत दिसतंय त्यातलं काहीच माझं नाही. मला त्या इमारतीतलं जे आवडतं ते मागच्या बाजूला आहे, कडुलिंबाकडे. एक दरवाजा आहे तिथे. साधा, कुणी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढणार नाही असा. तोही माझा नाही. तो आहेर मॅडमचा.

काकूने विचारलं, आहेर मॅडम कोण. ते ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

आमचं ऑफिस इंदिरानगरला, खाली मेडिकल, वर आम्ही. मुख्यालयाचं काम आलं तेव्हा मी नुकतीच लागले होते आणि मला वाटत होतं की आता आपण नाशिकचा चेहराच बदलणार. पोलिसांकडून एक समन्वयाचा माणूस येणार होता, कुठल्या शाखेला काय हवं ते आम्हाला सांगायला. मी डोक्यात एक तरुण अधिकारी धरून ठेवला होता, लॅपटॉपवाला. आल्या त्या एएसआय सुमन आहेर. निवृत्ती जवळ आलेली, उंच, टोपी काखेत, हातात पिशवी आणि पिशवीत डाळिंबं. भाऊ सटाण्याला डाळिंब लावतो, त्याच्या शेतातली. दारात उभं राहून त्यांनी आधी सगळी खोली बघून घेतली. मग पाटणकर सरांच्या, म्हणजे आमच्या बॉसच्या, समोरची खुर्ची उचलली, भिंतीला पाठ लागेल अशी ठेवली आणि बसल्या. सर बिचारे मान वाकडी करून बोलत राहिले.

पुढे कळलं की त्या कुठेही अशाच बसतात. हॉटेलात, लग्नात, कुणाच्या घरी. दार दिसलं पाहिजे. मला वाटलं, पोलिसांचं असेल काहीतरी, ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील.

त्या दिवशी सरांनी त्यांना मोठ्या स्क्रीनवर थ्रीडी वॉकथ्रू दाखवला. तो आम्ही जिवाचं रान करून बनवला होता. कॅमेरा तरंगत तरंगत आत जातो, तीन मजली मोकळा हॉल, वरून ऊन पडतंय, संगीत. बघणारा प्रत्येक जण 'वा' म्हणायचा. मॅडमनी शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ही गोरी बाई कोण?"

ती रेडीमेड असते, सॉफ्टवेअरमध्ये मिळतात तशी माणसं. हातात कॉफीचा कप असलेली एक बाई आम्ही हॉलमध्ये चालायला सोडली होती.

"नाय म्हणजे, हिची तक्रार काय हाय? कप घेऊन पोलिसात कोण येतं? आणि एकटीच कशी? आमच्याकडं एक बाई आली का तिच्यामागं आई, भाऊ, भावजय, कडेवर लेकरू, आणि गावातला एक जण, ज्याचा काही संबंध नाय."

सर हसले. मी त्याच दिवशी ती बाई काढून टाकली, पण आहेर मॅडमची एक ओळ आमच्या ऑफिसात राहिली. त्या म्हणायच्या, "कागदावर सगळेच सावधान उभे असतात." अजूनही प्लॅनमध्ये सगळं फार नीट जुळलं की आम्ही एकमेकांना हेच म्हणतो.

मॅडमचं अर्धं आयुष्य परेड ग्राउंडवर गेलेलं. ड्रिल शिकवायच्या, भरती झालेल्या नव्या पोरींना. गुडघे गेले तसं त्यांना महिला कक्षात टाकलं. तिथे घरातल्या तक्रारी येतात, मारहाणीच्या, नांदवत नाही, पोरं देत नाही. दोघांना बोलावतात, समोर बसवतात, जमलं तर जमवतात, नाही तर पुढे केस. पण बोलणं त्यांचं ग्राउंडवरचंच राहिलं. लांब वाक्य नाही. चल. थम. वळ. मला नाव असून कधी नावाने हाक मारली नाही. 'इंजिनीअर' म्हणायच्या. मी आर्किटेक्ट आहे असं मी खूपदा सांगितलं. "बरं," म्हणायच्या, "चल इंजिनीअर."

तर फक्कीची गोष्ट. फक्की म्हणजे मैदानावर रेषा मारतात ती चुन्याची पूड, शाळेत खो-खोला असायची तीच. मॅडमना नकाशा वाचता येत नव्हता असं नाही, पण पटत नव्हता. एक दिवस म्हणाल्या, की हे सगळं ग्राउंडवर काढू. खऱ्या मापात. मग ज्याची त्याची खोली ज्याने त्याने चालून बघावी. मला तर ही आयडिया इतकी आवडली की मी रात्रभर मैत्रिणींना व्हॉइस नोट पाठवत बसले. सर म्हणाले, काढा, पण मोजून काढा. मी टेप घेऊन गेले. मॅडमनी टेपकडे बघितलं सुद्धा नाही. त्यांचं म्हणणं, ड्रिलचं पाऊल ठरलेलं असतं, हजारो पोरींचं पाऊल त्यांनी काठी लावून बसवलंय, त्यांना कशाला टेप. त्या पुढे चालत गेल्या, मागे गांगुर्डे नावाचा कॉन्स्टेबल फक्की टाकत गेला, आणि ऊन चढायच्या आत ग्राउंड फ्लोअर अख्खा तयार.

मग माणसं आली. टपाल शाखा, पासपोर्ट शाखा, वायरलेस, सगळे आपापल्या पांढऱ्या चौकोनात जाऊन उभे. आणि अर्ध्या तासात बोंब. टेबलच मावत नाही. कपाट ठेवलं तर माणूस कुठं ठेवायचा. जुन्या ऑफिसपेक्षा लहान खोल्या देतायत, असं थेट मोठ्या साहेबांपर्यंत गेलं, आणि साहेबांचा फोन पाटणकर सरांना. सरांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. आमचा प्लॅन बरोबर होता, मग मैदानावर इमारत आकसली कशी?

मी दुसऱ्या दिवशी गुपचूप टेप लावली. प्रत्येक खोली थोडी थोडी कमी. जिथे अंतर जास्त तिथे तूट जास्त. मला कळलं, पण सांगायचं कसं. मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्या टेपकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. तो दुखरा पाय आता पूर्वीइतका पुढे पडत नव्हता, आणि ते त्यांच्या सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. गांगुर्डेच्या सुद्धा. पण मॅडमचं पाऊल चुकलं असं ग्राउंडवर कोण बोलणार.

"हाई काय शे," म्हणजे हे काय आहे, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. राग आला की बागलाणातली अहिराणी यायची तोंडात.

संध्याकाळी साहेबांपुढे सगळ्या शाखांची माणसं बोलावली होती. मला वाटलं, सर काहीतरी टेक्निकल सांगून सांभाळून घेतील. मॅडम पुढे झाल्या, सावधानमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, प्लॅन बरोबर हाय. पाऊल माझं आखूड झालंय." एवढंच. कुणी हसलं नाही. मला तेव्हा काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही, पण स्वतःच्या शरीराची चूक इतक्या लोकांसमोर इतक्या सरळ सांगणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते, दरवाजा.

आमच्या प्लॅनमध्ये इमारतीला एकच प्रवेश होता. समोरून, मोठ्या हॉलमधून. तिथेच तपासणी, तिथेच टोकन, तिथेच बसायला खुर्च्या, आणि तिथूनच उजवीकडे महिला कक्ष. मॅडमनी एका मीटिंगमध्ये मागितलं की महिला कक्षाला मागून वेगळं दार द्या. साहेब नाही म्हणाले. ते उगाच नाही म्हणणारे साहेब नव्हते, हेही सांगायला हवं. पोलिसांची इमारत आहे, मॉल नाही, असं त्यांचं म्हणणं. एक दार वाढवलं की एक गार्ड वाढतो, एक कॅमेरा वाढतो, आणि एक भगदाड वाढतं. आमच्या सरांनाही मागची भिंत सलग हवी होती. मॅडम "होय सर" म्हणाल्या आणि विषय संपला.

त्यांच्यासाठी संपला नव्हता, ते मला परत येताना कळलं. त्या मला स्कूटीवर सोडायच्या कधी कधी. त्या दिवशी वाटेत उसाच्या रसाला थांबलो. त्यांनी सवयीने स्टूल फिरवून घेतलं, रस्त्याकडे तोंड. मी चिडवलं, मॅडम, इथे कोण हल्ला करणार आहे तुमच्यावर.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग सांगितलं. महिला कक्षात नव्या असताना त्यांचं टेबल असं होतं की दाराकडे पाठ यायची. एकदा समोर एक प्रकरण चालू होतं आणि मागे काहीतरी हललं म्हणून त्यांनी वळून बघितलं. एक बाई दारापाशी येऊन परत वळलेली, गेटकडे चाललेली. हात कोपरापर्यंत निळे, द्राक्षाच्या फवारणीचे. दिंडोरीकडची असणार, कामावरून तशीच उठून आलेली. दाराजवळ बाकड्यावर एक माणूस बसला होता. ती वळल्यावर तो सावकाश उठला, मोटरसायकलला किक मारली आणि तिच्यामागे गेला.

"ती एसटीनं आली असंल," मॅडम म्हणाल्या. "तो गाडीवर. तो आधी पोचला आणि नुसता बसला. काय बोलला नाय, काय केलं नाय."

मी विचारलं, मग तुम्ही शोधलं नाही का तिला.

"गेटपर्यंत पळाले. कुठं शोधू? नाव नाय, गाव नाय. आत आली असती तर नोंद झाली असती. जी दारातूनच गेली तिची नोंद कुठं असते इंजिनीअर?"

मग म्हणाल्या, तेव्हापासून दाराला पाठ करून बसत नाही. रसवाल्याला पैसे दिले आणि स्कूटी सुरू केली.

फक्की दुसऱ्यांदा मारली. या वेळी टेपने, मॅडमनी स्वतः टेपचं एक टोक धरून. शाखा आल्या, टेबलं मावली, सगळे खूश. आणि तेव्हा एक गंमत माझ्या लक्षात आली, जी पहिल्या वेळी गडबडीत दिसली नव्हती. अख्खं मैदान मोकळं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसता चुना. पण साहेबांच्या केबिनचा चौकोन आला की प्रत्येक जण वळसा घालून जायचा. गांगुर्डे पाण्याचा जार खांद्यावर घेऊन चाललेला, सरळ गेला असता तर लगेच पोचला असता, पण तोही केबिनला फेरा मारून गेला. मी विचारलं तर म्हणाला, "साहेबांच्या केबिनमधून कसं जाणार ताई?" मी हसून लोटपोट. मॅडम हसल्या नाहीत. त्याच्या वळशाकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बघायला आले. सगळं फिरले, खूश झाले, स्वतःच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले, खिडकी कुठे येणार विचारलं. मग मॅडमनी एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि ती मोठ्या हॉलच्या दाराजवळ ठेवली, प्लॅनमध्ये जिथे लोकांच्या खुर्च्या होत्या तिथे. म्हणाल्या, सर, जरा इथं बसता का. पाटणकर सरांनी माझ्याकडे बघितलं. मला काहीच माहीत नव्हतं.

साहेब बसले. मॅडमनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की आता एकेक जण बाहेरून या, या दारातून आत जा आणि महिला कक्षापर्यंत चालत जा. चल.

पहिली एक महिला कॉन्स्टेबल आली, दाराच्या रेषेपाशी थांबली, सॅल्यूट केला आणि तिथेच उभी. मॅडम म्हणाल्या, आत जा. ती साहेबांकडे बघून हळूच रेषेच्या बाहेरून निघाली, आणि जिथे मागची भिंत होती तिथून, चुना ओलांडून कक्षात गेली. दुसऱ्या पोरीनेही तेच केलं. गांगुर्डे आला, तो तर लांबूनच वळला. साहेब आधी हसत होते. म्हणाले, अरे या ना सरळ, मी काय खातो का. तरी पुढचा माणूस मागूनच गेला. अख्ख्या मैदानात एकच दार आणि त्यातून कुणीच जाईना.

मॅडम खुर्चीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. सावधान.

"सर, तुम्ही काहीच केलं नाय. तुम्ही तर चांगले हायात. नुसते बसलात."

साहेबांचं हसू हळूहळू गेलं. ते खुर्चीतून उठले नाहीत, मातीतल्या पावलांकडे बघत बसले. सगळी पावलं मागच्या भिंतीतून गेलेली, तिथली फक्की पुसून एक वाटच तयार झाली होती. पाटणकर सरांनी खिशातून पेन काढलं. मी शप्पथ सांगते, त्यांनी तिथल्या तिथे प्रिंटवर ती वाट काढली.

पण साहेब शेवटी साहेब. त्यांनी विचारलं, दार देतो, गार्ड बसायला जागा कुठून देऊ? तपासणीची जागा कुठून? आणि इथे जे झालं ते मला आजही पूर्ण बरोबर वाटत नाही, म्हणून तेही लिहिते. मागच्या त्या कोपऱ्यात एक खोली होती, महिला कर्मचाऱ्यांची. बंदोबस्तावरून आल्यावर कपडे बदलायला, पाय पसरायला, बाळ असेल तर पाजायला. ती खोली आहेर मॅडमनीच पहिल्या दिवशी मागून घेतली होती. ग्राउंडवर इतकी वर्षं काढून पोरींना साधी बसायला जागा नाही, हे त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलं होतं. त्या म्हणाल्या, ही घ्या. आमची खोली वर टाका.

ती दुसऱ्या मजल्यावर गेली. पोरी चिडल्या आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दिवसभर उभ्या राहिलेल्या बायकांना जिने चढायचे. एकीने माझ्यासमोर मॅडमना सुनावलं, "मॅडम, दार तुमचं झालं, जिने आमचे वाढले." मॅडम म्हणाल्या, खरंय. बाजू मांडली नाही, ती दिंडोरीची गोष्ट सांगितली नाही. मी नंतर म्हटलं, त्यांना सांगा ना, समजून घेतील. तर म्हणाल्या, त्यांचे पाय दुखतात ते दुखतातच, गोष्ट ऐकून थांबणार हायेत का.

बांधकाम सुरू असतानाच त्या निवृत्त झाल्या. उद्घाटनाला आल्या होत्या म्हणे, मला गर्दीत दिसल्या नाहीत.

शेवटच्या दिसल्या त्या या हिवाळ्यात. मी दारं-खिडक्यांची कुरकुर तपासायला गेले होते. मागच्या बाजूला आले तर कडुलिंबाच्या पाराला टेकून साडीतल्या एक बाई, हातात पिशवी. साडीत मी त्यांना ओळखलंच नाही आधी. म्हणाल्या, पेन्शनच्या कागदाचं काम होतं, झालं, आता बसलेय जरा. पिशवीतून डाळिंब काढून दिलं. किती वेळ बसल्या होत्या कुणास ठाऊक. तोंड अर्थातच दाराकडे.

दाराजवळची गार्ड पोरगी आत खुर्चीत मोबाईल बघत होती. मी माझं सुरू केलं, त्या दाराला आम्ही कसा ते सावकाश मिटवणारा क्लोजर लावलाय, आवाज होऊ नये म्हणून सरांशी कसं भांडले, वगैरे. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. कोपऱ्यावरून एक बाई येत होती. तरुण, कडेवर मुलगी, तोंडाला स्कार्फ. आणि एकटी. मागे आई नाही, भाऊ नाही. दारापासून थोड्या अंतरावर थांबली. दाराकडे बघितलं, मग आमच्याकडे. आम्ही दोघी तिच्याकडेच बघत होतो. तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. एक पाऊल मागे टाकलं.

मॅडम उठल्या. मला वाटलं आता जाऊन तिचा हात धरतील, आत नेतील.

"इंजिनीअर," त्या हळू म्हणाल्या, "पीछे मुड."

मी वळले. शेजारी त्याही वळल्या, दुखऱ्या पायाने, पण टाच जुळवून. समोर आमच्या नुसतं कंपाउंड आणि उभ्या केलेल्या मोटरसायकली. मागे काय चाललंय काही कळत नव्हतं. मला मान वळवायची इतकी घाई झाली होती, आणि मॅडम सरळ पुढे बघत होत्या, पिशवी छातीशी धरून. त्यांना दाराकडे पाठ करून उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

मुलगी काहीतरी बोलली, लहान मुलं विचारतात तसं. मग शांत. मग त्या क्लोजरचा आवाज आला, जो येऊ नये म्हणून मी भांडले होते. दार उघडल्याचा, आणि बऱ्याच वेळाने, सावकाश, मिटल्याचा.

मॅडमनी श्वास सोडला. वळून बघितलं नाही.

"चल," म्हणाल्या, आणि आखूड पावलं टाकत गेटकडे निघाल्या.